चिंचेनं घासलेला सिंह

मिलिंदा,

तुझी सगळी नाणी चकचकीत झाली आहेत.

वहिनींनी चिंचेनं घासली. चिंच, मीठ आणि वरून थोडी राख, घरातली तांब्याची भांडी घासतात तशी. तुझ्या पुण्यानुमोदनासाठी मी लातूरहून सकाळच्या एसटीनं निघून नांदेडला पोचलो. तुमच्या दारात चपला काढल्या आणि आत बघितलं, तर समोर तुझा हार घातलेला फोटो आणि त्याच्याखाली पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडलेली नाणी. मेणबत्त्यांच्या उजेडात लखलखत होती. ती तुझी आहेत हे मला क्षणभर कळलंच नाही.

“बघा भाऊजी, कशी काळीठिक्कर पडली होती,” वहिनी म्हणाल्या. “जिंदगीभर मला हात लावू दिला न्हाई. आता म्हणलं लोक येणार, यांची एवढी हौस होती, जरा उजळ दिसू द्यावीत.”

त्यांचे डोळे सुजले होते आणि बोटांची टोकं चिंचेनं पांढरी पडली होती. मी म्हणालो, छान झाली आहेत वहिनी. दुसरं काय म्हणणार होतो? तू असतास तर घर डोक्यावर घेतलं असतंस. पण तू असतास तर ती घासली गेलीच नसती.

दीडशे वर्षांत तांब्यावर जी तपकिरी, काळसर छटा चढते, तिला तू कातडी म्हणायचास. “मळ नाही पाटला, नाण्याची कातडी आहे ती. एकदा गेली की परत येत नाही.” बोट लागू नये म्हणून नाणं कडेनं धरायचास. हाताला घाम येतो म्हणून उन्हाळ्यात डबा उघडायचा नाहीस. माझ्यासारख्या जुन्या मित्रालाही आधी हात धुऊन, पुसून, दाखवून मगच बसू द्यायचास. एवढं सगळं जपलेलं एका दुपारी मोरीतून वाहून गेलं, आणि ज्या बाईनं ते केलं तिला मी जन्मात कधी ते कळू देणार नाही.

मला रडू यायला हवं होतं. मला तुझा राग आला. का, ते सांगतोच.

*

आपण भेटलो ते लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा. उस्मानाबादच्या नकाशातून लातूर कापून काढायचं होतं, आणि कापणाऱ्यांत तू होतास, नांदेडहून बदलीवर आलेला आरेखक. मी मुखेडकडच्या शेतकरी घरातला, कारकून म्हणून नुकताच चिकटलेला, रोजगार हमीच्या कामांवर हजेरी घ्यायला. जिल्हा नवा, कचेरी भाड्याची, खुर्च्या मागून आणलेल्या, आणि वर दुष्काळ. दोघांना मिळून एक खोली मिळाली ती एकाच अटीवर, की मालकाकडं पाणी मागायचं नाही. टँकर आला की तू घागर घेऊन पळायचास आणि मी तुझ्यामागं बादली. मला तू पहिल्याच आठवड्यात ‘पाटील’ करून टाकलंस. आमच्या सात पिढ्यांत कुणी पाटील नव्हतं, पण तुला मला चिडवायला तेवढं पुरायचं.

एकदा माझी आई गावाकडून आली होती. तू पाठमोरा बसून नकाशावर शाई भरत होतास. ती तुझ्या घागरीतलं पाणी पिणार की नाही, हे दोघांच्याही मनात होतं आणि दोघांनीही त्यावर आयुष्यभर एक शब्द काढला नाही. ती प्यायली होती रे. दोन तांबे प्यायली. मी बघितलं होतं. तुझी पाठ होती, तुला दिसलं नाही, आणि मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. आता हे असं कागदावर सांगावं लागतंय.

त्याच उन्हाळ्यात उदगीरच्या वाटेवर एका गावात जुन्या बारवेतला गाळ काढायचं काम निघालं होतं. रविवार होता, तू उगीच माझ्याबरोबर आला होतास. बारव तळापर्यंत कोरडी. बायका पायऱ्यांवर रांगेनं उभ्या राहून गाळाच्या पाट्या वर देत होत्या. त्यातल्या कोंडाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या पाटीत ते नाणं निघालं. हिरव्या पुटांनी लडबडलेलं, नीट गोलही दिसत नव्हतं. तिनं ते पदराला पुसलं आणि मला देऊ केलं, मग हात मागं घेतला.

“तांब्याचं हाय सायब. कुण्या नव्या नवरीनं बारवेला वाहिलेलं आसंल. पाण्याला दिलेलं परत घरात नेत न्हाईत.” तू आल्या आल्या केलेला जयभीम तिनं ऐकला होता, म्हणून तुझ्याकडं वळून म्हणाली, “तुमी लोक हे मानत न्हाई ना? मग तुमीच न्या.”

तू हसलास. “हाव मावशी. आमाला चालतंय.”

असं ते तुझ्याकडं आलं. रात्री अंधारात बसलेल्या माणसाला कुणी काडेपेटी द्यावी तसा तुझा चेहरा झाला होता, हे मला अजून आठवतं. खोलीवर येऊन तू भिंग काढलंस. हिरव्या पुटांमधून एका बाजूला एक सिंह दिसत होता, अर्धामुर्धा, पुढचा पंजा कसल्याशा पाटीवर टेकलेला. खाली अठरा हा आकडा आणि पुढचे दोन आकडे खाल्लेले. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तू ट्रेसिंगच्या कागदावर त्याचं चित्र काढलंस. जे दिसतं ते सलग रेघेनं, जे दिसत नाही ते तुटक रेघेनं. नव्या जिल्ह्याची हद्द तू तशीच काढत होतास तेव्हा, जिथं वाद मिटला नव्हता तिथं तुटक.

मी म्हणालो, “एवढा खटाटोप कशाला? चिंच आणतो. घासू, काय आहे ते कळंल.”

“हात लावू नको.”

हा आपला वाद तिथं सुरू झाला.

*

औरंगाबादला सरकारी कामाला गेलास आणि तिथल्या एका ग्रंथालयात तुला पुस्तकात चित्र सापडलं. बेल्जियम. नकाशावर शोधावा लागतो इतका लहान देश, हे नाणं पाडलं तेव्हा नुकताच शेजाऱ्यापासून सुटून स्वतंत्र झालेला. त्यांच्या तांब्याच्या नाण्यावर बसलेला सिंह, आणि त्याच्या पंजाखाली पाटी, आणि पाटीवर कोरलेलं, बेल्जियमची राज्यघटना. तू परत आलास तो पाण्याची घागर भरायची विसरून बोलत सुटलास.

“त्यांनी आधी घटना लिहिली पाटला, आन् मग राजा शोधला. बाहेरून आणला राजा. म्हणले, आधी याच्यावर शपथ घे, मग बस. आन् हे चांदीच्या नाण्यावर न्हाई कोरलं. तांब्याच्या नाण्यावर कोरलं. भाजी घेणाऱ्याच्या हातातल्या.”

तुझ्या घरी भिंतीवर निळ्या कोटातले बाबा होते, हातात पुस्तक धरलेले. तुझ्या डोक्यात काय जुळलं ते मला विचारावं लागलं नाही. पण मला शंका होती, आणि शंका आली की मी बोलल्याशिवाय राहत नाही. उदगीर कुठं, बेल्जियम कुठं? ते इथल्या बारवेत यायला काय पंख आहेत का? तू म्हणायचास, निजामाच्या फौजेत कितीतरी देशांचे गोरे होते, एखाद्याच्या खिशातून आलं असेल, बाजारात तांब्याच्या वजनावर गेलं असेल, नवरीच्या हाती लागलं असेल. पाण्याला द्यायला तांबं लागतं, त्यावर कुणाचा सिंह आहे हे कोण बघतं? पटण्यासारखं होतं. खामखा वाद घालायचा म्हणून मी पुन्हा म्हणायचो, मग घासून बघ.

तू बघितलं नाहीस. उलट त्या एका हिरव्या नाण्यासाठी त्याची भावंडं जमवायला लागलास. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून टपालानं, हैदराबादला जुन्या बाजारात उन्हातान्हात फिरून. नांदेडला परत बदली झाल्यावर गुरुद्वाऱ्यात दर्शनाला आलेल्या एका सरदारजींशी तुझी ओळख झाली. ते बेल्जियममध्ये फळबागेत कामाला होते. पुढच्या वेळी आले ते तिथल्या जुन्या बाजारातून लोकरीच्या मोज्यात बांधून नाणी घेऊन आले. अगदी लहान, करंगळीच्या नखाएवढं वाटणारं एक, त्यावरही सिंह आणि पाटी. तू त्यांना जेवायला नेलंस आणि वहिनींनी ज्वारीच्या भाकरी करून घातल्या.

आता आठवतं ते एवढंच. पहिलं खरंखुरं नाणं आलं तेव्हा मी लातूरहून आलो होतो. तू ते हिरव्या नाण्याशेजारी ठेवलंस. मी म्हणालो, “हे जरा मोठं आहे की रे.”

“ते झिजलंय. गाळात होतं इतकी वर्षं.”

“आणि याच्यातला सिंह बसलाय. तुझा उभा वाटतो.”

तू दोन्ही उचललीस. त्यानंतर ती दोन नाणी तू शेजारी ठेवलेली मी कधी पाहिली नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आज येऊन काय उपयोग?

*

दुसरा वाद मी काढला होता, आणि तो तुला लागला होता. मी कुठंतरी वाचलं की बेल्जियमच्या त्याच राजघराण्यातल्या पुढच्या राजानं आफ्रिकेत माणसांना राबवून मारलं, हात तोडले. ते घेऊन मी तुझ्याकडं आलो, थोडासा खूशच होऊन. म्हणालो, हा बघ तुझा घटनेचा देश. कितीतरी दिवस डबा उघडला नाहीस असं वहिनी सांगत होत्या. मग एके दिवशी तुझा फोन आला, नमस्कार चमत्कार काही नाही, एकदम म्हणालास, “तिथं ती घटना लागू नव्हती, पाटला. तो मुलूख राजाचा स्वतःचा होता. घटना नसली की राजा काय करतो, ते हे. म्हणून तर पाटीवर पंजा पाहिजे.” आणि फोन ठेवलास.

एवढं नीट उत्तर देणारा माणूस आता माझ्या ओळखीत कुणी उरला नाही, आणि नवी ओळख करून घ्यायचं माझं वय नाही.

दर वर्षी संविधान दिनाला तू ते हिरवं नाणं शाळेत, वसतिगृहात घेऊन जायचास. कागदाच्या डबीत कापूस, कापसात नाणं. पोरांना सांगायचास, जगातल्या एका लहान देशानं आपली घटना तांब्यावर कोरली, आणि ते नाणं फिरत फिरत आपल्या दुष्काळात, आपल्या बारवेत, आपल्या मावशीच्या पाटीत आलं. मी एकदा शेवटच्या बाकावर बसून ऐकलं आहे. मला तोवर तुझी टिंगल करायची सवय होती, पण त्या दिवशी बाहेर येऊन चहा पिऊ या, एवढंच म्हणालो.

*

दवाखान्यात मी तुला भेटायला आलो होतो तेव्हा तू चांगला बोलत होतास. नांदेडच्या नव्या रस्त्यावरची धूळ, माझं गुडघेदुखीचं रडगाणं, सरदारजींच्या नातवाचं लग्न. सगळं काढलंस. नाण्यांचं एक अक्षर नाही. मी निघालो तेव्हा तू माझा हात धरून ठेवलास, जरा जास्तच वेळ. मला वाटलं, दुखतंय. “काय रे?” म्हणालो. “काई न्हाई. जा, गाडी चुकंल.”

त्या वेळी बोलला असतास तर काय बिघडलं असतं, मिलिंदा?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तुझ्या फोटोपुढच्या ओळीत हिरवं नाणं शोधत होतो. सापडेना. वहिनींनी कपाटातून ती डबी आणून माझ्या हातात दिली.

“हे तुमचं. दवाखान्यात म्हणले मला, मी गेल्यावर ते हिरवं नाणं चिंचेनं घास आन् पाटलाला दाखव. बाकी काई बोलू नको.” मग जरा ओशाळून म्हणाल्या, “म्हणलं, एकच कशाला, समदीच घासून काढावीत. यांच्या मनात असंल, मला सांगायला लाजले असतील. मी लई वर्षं मागं लागले होते ना.”

तू एक घासायला सांगितलंस. त्यांनी प्रेमानं सगळी घासली. चाळीस वर्षांत त्यांना त्या नाण्यांबद्दल एक गोष्ट समजावून सांगितली असतीस तर आज तुझा संग्रह असता. आम्हा सगळ्यांना व्याख्यानं दिलीस, आणि ज्या बाईनं तुझ्या पाहुण्यांना भाकरी थापल्या तिला फक्त ‘हात लावू नको’ म्हणालास. हा माझा राग आहे. तो तुझ्यावर काढायला तू समोर नाहीस, त्याचाही राग आहे.

डबी उघडली. कापसात लालभडक तांबं. एक सिंह नव्हता, दोन होते. समोरासमोर उभे, मधे ढाल, हातात झेंडे. उलटून बघितलं, पाव आणा, आणि भोवती इंग्रजी अक्षरं, एकेक स्पष्ट, ईस्ट इंडिया कंपनी. आपल्याकडं कुणाच्याही आजीच्या गाठोड्यात निघतो तो कंपनीचा पैसा. तुझी तुटक रेघ जिथं होती तिथं दुसरा सिंह उभा होता. पाटी नाही. घटना नाही. ज्यांनी आपल्याला विकत घेतलं त्यांची ढाल.

मी डबी मिटली. वहिनी विचारत होत्या, चांगलं निघालं ना? मी म्हणालो, हो. तुम्हाला बरं घासता आलं.

भंतेजींची वंदना झाल्यावर बोलायला मला उभं केलं. शाळेचे मुख्याध्यापक आले होते. ते म्हणाले, सरांचं बारवेतलं नाणं सगळ्यांना एकदा दाखवा, शेवटचं. हात खिशात गेला. डबी हाताला लागली. पुढच्या रांगेत वहिनी माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्यामागं शाळेत तुझं नाणं बघितलेली किती पोरं, आता मोठी झालेली, कुणी वकील, कुणी मास्तर. मी खाली वाकलो, कापडावरचं एक खरं बेल्जियमचं नाणं उचललं आणि ते पुढं दिलं. ते रांगेतून हातोहात फिरलं. सगळ्यांना सिंह दिसला, पाटी दिसली. मुख्याध्यापक म्हणाले, उजळल्यावर किती नीट वाचता येतं.

मी काय बोललो ते मला आठवत नाही.

येताना लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी खिडकीत बसून एकच विचारत होतो. तुला कधी कळलं? त्या दिवशी, दोन नाणी उचलून ठेवलीस तेव्हाच? आणि कळल्यावरही दर वर्षी पोरांसमोर उभा राहिलास? की कळलं नव्हतं, फक्त भीती होती, आणि भीतीलाच कापसात घालून सांभाळत राहिलास? तू खोटं बोललास असं मला म्हणवत नाही. तू बघितलं नाहीस, एवढंच म्हणवतं. शेवटी बघायचं काम माझ्यावर टाकलंस, कारण मीच पहिल्या दिवसापासून घास घास म्हणत होतो. घे, बघ म्हणालास. मी जिंकलो, मिलिंदा. चाळीस वर्षांचा वाद मी जिंकलो आणि ते ऐकून ‘गप रे पाटला’ म्हणायला जगात कुणी नाही. मला हे जिंकणं नको आहे. मला तू हरायला नको होतास.

बेल्जियमची नाणी वहिनींनी पुन्हा डब्यात भरली. दर महिन्याला घासत जाईन म्हणाल्या. मी नाही म्हणालो नाही.

कंपनीचा पैसा माझ्याकडं आहे. लातूरला आल्यावर मी अंगणातल्या एका रिकाम्या कुंडीत तो पुरला. ओली माती घातली, मूठभर मीठ टाकलं. तांब्याच्या भांड्यात ताक कळकून हिरवं पडतं हे आठवलं, म्हणून वाटीभर ताकही ओतलं. नळाला अजूनही आठवड्यातून एकदाच पाणी येतं, पण त्या कुंडीला मी रोज पाणी घालतो. बायको विचारते, त्यात काय लावलंय? मी सांगत नाही. मला त्याच्यावर पुन्हा पुटं चढलेली हवी आहेत. दुसरा सिंह झाकला गेला पाहिजे, अक्षरं बुजली पाहिजेत, अठराच्या पुढचे आकडे खाल्ले गेले पाहिजेत. मग मी ते डबीत घालून तुझ्या त्या शाळेत घेऊन जाईन आणि कुणी घासू या म्हणालं तर त्याचा हात धरीन.

आज सकाळी उकरून बघितलं. अजून चकचकीतच आहे.